सोमवार, बुधवार, शुक्रवार

९ जानेवारी

आत्या,

नमस्कार. फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू मनाने भरतेस, हे तूच कबूल केलंस. गेल्या आठवड्यात मी "बाबा आता शांत झालेत" म्हणाले आणि तू तिकडे हंबरडा फोडलास. शेजारणीने फोन हातात घेतला म्हणून बरं. तेव्हा यापुढे पत्र. तुझा भाऊ जिवंत आहे, हे आधी वाच आणि मग पुढचं.

बाबांना शुश्रूषा केंद्रात ठेवून तीन महिने झाले. खोली तळमजल्यावर, व्हरांड्याच्या अगदी टोकाची. एक पलंग, एक कपाट, खिडकीशी हातांची खुर्ची. ऑक्टोबरात ते छान रमले होते. विसरायचे, मला कधीकधी तुझ्या नावाने हाक मारायचे, पण जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना हसवायचे. नोव्हेंबरात काय बिनसलं कोण जाणे. दुपारी एकदम उठायचे, ओरडायचे, दिसेल त्याचा हात धरून ओढायचे. मग एक डिसेंबरपासून केंद्राच्या डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली, सकाळी एक आणि दुपारी एक. ओरडणं बंद झालं.

पण आत्या, त्याबरोबर बाकीचंही सगळं बंद झालं. दिवसभर खुर्चीत बसून असतात. चमचा तोंडाशी नेईपर्यंत अर्धं अंगावर सांडतं. चालताना पाऊल उचलतच नाहीत, फरशीवरून घासत नेतात. दोनदा पडले. मी समोर बसले तरी माझ्याकडे बघतात की माझ्या मागच्या भिंतीकडे, ते कळत नाही. विचारलं की सगळे म्हणतात, वय झालं.

आमच्या चष्म्याच्या दुकानात कुणी येऊन "धूसर दिसतंय" म्हणालं, तर मी त्याला वय झालं म्हणून परत पाठवत नाही. एकेक भिंग बदलून विचारते, आता कसं दिसतं, आणि आता? तू चौतीस वर्षं वॉर्ड सांभाळलास. मला एवढंच सांग, हे वय आहे की दुसरं काही?

तुझी मुंगी


१७ जानेवारी

मुंगे,

हंबरडा फोडला नव्हता. नाक शिंकरत होते. शेजारीण वाढवून सांगते.

वय म्हणजे दरवर्षी थोडं थोडं उतरत जाणं. एका महिन्यात जिना कोसळावा तसा माणूस कोसळला, तर ते वय नव्हे. काहीतरी बदललेलं असतं. काय बदललं ते शोधायचं. तुझा स्वभाव लहानपणापासून चौकस, घड्याळ उघडून बसायचीस आणि शेवटी चार स्क्रू उरायचे. आता तो स्वभाव कामाला लाव, स्क्रू मात्र उरवू नकोस.

पहिलं म्हणजे, गोळीचं नाव कळव. आणि मनाने बंद करू नकोस. अशा गोळ्या एकदम तोडल्या की माणूस वेगळ्याच पेचात सापडतो. डॉक्टरांनी चढवली, डॉक्टरच उतरवतील.

दुसरं, दादाचं पोट. पोट साफ होतं का? हसू नकोस. मी अशी माणसं पाहिलीत की ज्यांना सगळ्यांनी वेडं ठरवलं आणि ज्यांचं खरं दुखणं एवढंच होतं, की पाच दिवस झालं नव्हतं. लघवीला जळजळ? दात? चष्मा त्याचाच आहे ना, की शेजारच्याचा घातलाय? कान? ज्याला दुखतंय हे सांगता येत नाही, तो ओरडतो.

तिसरं. तुला न विचारता त्या लोकांनी गोळी सुरू केली म्हणजे कमालच झाली. त्यांचे कान उपटायला मी स्वतः आले असते, पण माझे गुडघे मला फाटकापर्यंतसुद्धा नेत नाहीत. तू तरी चांगलं खडसाव.

आत्या


२५ जानेवारी

आत्या,

गोळीचं नाव आणि ताकद वेगळ्या चिठ्ठीवर लिहून जोडलीय.

पोट व्यवस्थित. लघवी तपासून घेतली, काही नाही. दात ठीक. चष्मा त्यांचाच, नंबर मीच पुन्हा काढला. कान इतके तिखट की व्हरांड्यात चमचा पडला तरी पापणी हलते. तुमच्या घरातला बहिरेपणाचा सगळा वाटा तू एकटीने घेतलास.

त्या नोव्हेंबरातल्या प्रकाराबद्दल मी मावशींना खोदून खोदून विचारलं. या मावशी म्हणजे बाबांचं अंघोळपाणी बघणाऱ्या बाई, धिप्पाड आणि मायाळू. त्या म्हणाल्या, "मारत नव्हते हो. मनगट धरून वर ओढायचे. माझं, सिस्टरांचं, जो दिसेल त्याचं. आणि तोंडाने 'हात! हात!' एवढंच." एकदा समोरच्या खोलीतल्या शिक्षिकाबाई खुर्चीत विणत बसल्या होत्या. बाबांनी त्यांचे दोन्ही हात असे हिसकले की मनगट सुजलं. त्या दिवशी मुख्य सिस्टरांनी मला दुकानातून बोलावून घेतलं. डॉक्टरांच्या कागदावर दोन शब्द आहेत: भास, आक्रमकपणा.

बाबा आणि आक्रमक! मला आयुष्यात एकदा चापट मारली, तीही मी प्लगमध्ये पेन्सिल घातली म्हणून.

मुंगी


२ फेब्रुवारी

मुंगे,

गोळी ओळखीची निघाली. नीट वाच, कारण या गोळीबद्दल लोक एकतर गळ्यात पडतात नाहीतर शिव्या देतात.

ज्यांना नसलेले आवाज ऐकू येतात, भिंतीतून माणसं येताना दिसतात, त्यांना ही गोळी अक्षरशः घर परत देते. मी ते डोळ्यांनी पाहिलंय. पण दादासारख्या विसरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ती द्यायची म्हणजे हात आखडून. तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल, भीतीने जीव जात असेल आणि बाकीचे सगळे उपाय करून झाले असतील, तर. तेही कमीत कमी, थोडे दिवस, आणि रोज लक्ष ठेवून. या वयात तिने चाल जाते, तोल जातो, झटका येण्याची भीती वाढते. भटकणं, ओरडणं, पुन्हा पुन्हा तेच विचारणं, यासाठी ती नाहीच.

तेव्हा डॉक्टरांना विचार: कशासाठी दिली? आधी काय काय करून पाहिलं? पुन्हा कधी बघणार होतात? बघितलंत का?

आणि केंद्रात रोजची नोंदवही असते. ती माग. "ओरडला" एवढं वाचून थांबू नकोस. कुठला वार, किती वाजता, त्याआधी काय झालं, ते लिहून काढ. माझा अंदाज विचारशील तर अंघोळ. दादाला लहानपणापासून डोक्यावर पाणी घेतलेलं खपत नाही. विहिरीवर आई त्याला दोरीने बांधायची, हे त्याने तुम्हाला सांगितलं नसणार.

"हात" म्हणाल्याचं वाचून मी जरा थांबले. पण ते नंतर. आधी वार आणि वेळ.

आत्या


१५ फेब्रुवारी

आत्या,

तुझी अंघोळ बाद. बाबांची अंघोळ मंगळवारी आणि शनिवारी असते, आणि त्या दोन वारी ते गाईसारखे गरीब.

मुख्य सिस्टर नोंदवही द्यायला नाराज होत्या. "यात काय सापडणार तुम्हाला?" म्हणाल्या. मी म्हटलं, मला माहीत नाही, म्हणूनच बघायचंय. त्यांनी कोपऱ्यातलं टेबल दिलं आणि मी दोन तास उतरवत बसले. नोव्हेंबरात अकरा नोंदी. पहिली सहा तारखेची, शेवटची एकोणतीसची. तारखांपुढे वार लिहिले आणि कॅलेंडरशी पुन्हा ताडून पाहिले. सोमवार, बुधवार, शुक्रवार. अकराच्या अकरा. आणि सगळ्या दुपारी साडेतीन ते साडेचारमधल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार, रविवार, एकही नाही.

मी वही सिस्टरांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "प्रत्येक नोंद वेगळ्या पाळीच्या माणसाने केलीय," म्हणाल्या. "एकत्र कुणी वाचलीच नाही." त्यांचा आवाज इतका पडला की मला खडसावणं जमलं नाही.

म्हणून या बुधवारी दुकानातून अर्धी रजा काढली आणि तीन वाजल्यापासून बाबांच्या खोलीत जाऊन बसले. साडेतीन झाले. पावणेचार झाले. मावशी येऊन गेल्या. काहीच नाही. आणि मग पलंगामागच्या भिंतीतून आवाज सुरू झाला. धप्प. धप्प. धप्प. भिंतीला हात लावला तर ती थरथरत होती.

मी बाबांकडे पाहिलं. ते खुर्चीतच होते, डोळे अर्धवट मिटलेले, मान कलती. पण खुर्चीच्या हातांवरचे त्यांचे दोन्ही हात हळूहळू उचलले गेले. फार हळू, जणू कुणी ओलं लाकूड उचलतंय. ते छातीशी आले आणि मुठी घट्ट आवळल्या. ओठ हलत होते, आवाज नव्हता. डोळ्यांतून पाणी येत होतं. चाळीस मिनिटं, आवाज थांबेपर्यंत.

आत्या, गोळीने त्यांची भीती गेलेली नाहीच. फक्त ओरडणं गेलंय. सोमवार, बुधवार, शुक्रवार ते असेच बसत आलेत, अडीच महिने, आणि आम्ही सगळे म्हणत होतो की छान शांत झाले.

भिंतीपलीकडे कपडे वाळवायचं मोठं मशीन आहे, आत पिंप फिरतं ते. पूर्वी ते मागच्या शेडमध्ये होतं. तिथे ओल आली म्हणून चार नोव्हेंबरला या खोलीत आणलं. चादरी धुतात आठवड्यातून तीन दिवस. कुठले ते आता तुला सांगायला नको.

पण मशीनच्या आवाजाला एवढं काय घाबरायचं, आणि "हात" का, हे मला कळत नाही. बाबा बिस्किटांच्या कारखान्यात होते, एवढंच आम्हाला माहीत. कारखाना त्यांनी कधी दाखवला नाही. तू कशावर थांबलीस ते सांग.

एक मात्र मी करून टाकलं. शिक्षिकाबाईंनाही तशाच जातीची गोळी आहे. त्यांच्या मुलाला मी व्हरांड्यातच गाठलं आणि म्हटलं, ताबडतोब बंद करायला लावा.

मुंगी


२३ फेब्रुवारी

मुंगे,

आधी त्या मुलाकडे जा आणि माफी माग. आजच्या आज. ती बाई कदाचित तीस वर्षं त्या गोळीच्या आधाराने शाळेत शिकवत आली असेल. तिचं काय दुखणं आहे, तुला माहीत आहे का? एका डोळ्याचा नंबर दुसऱ्या गिऱ्हाइकाला देतेस का तू? गोळी वाईट नसते. कुणाला, कशासाठी, किती दिवस, एवढाच प्रश्न असतो.

आता दादाचं. हे मी कुणाला सांगणार नाही असं त्याने माझ्याकडून वदवून घेतलं होतं. पण सांगितलं नाही तर त्याचाच घात होईल, म्हणून सांगते.

दादा कारखान्यात पीठ मळायच्या पिंपावर होता. माणूस आत उतरेल एवढी मोठी पिंपं. पाळी संपली की बाजूचं चिकटलेलं पीठ हाताने खरवडायचं. एकदा त्याने जोडीदार बाहेर आलाय असं समजून बटण दाबलं. जोडीदाराचा हात आतच होता. मी तेव्हा नव्याने नोकरीला लागले होते, अपघात विभागात. त्या माणसाला आणलं तेव्हा ड्यूटीवर मीच. दोन बोटं गेली. दादा बाहेर बाकावर बसला होता, पांढऱ्या पिठाने माखलेला, आणि स्वतःच्या हातांकडे बघत होता.

त्यानंतर त्याने आपल्या पाळीवर एक पद्धत घालून दिली. बटण दाबण्याआधी मोठ्याने विचारायचं, "हात?" खोलीतल्या प्रत्येकाने दोन्ही हात वर करून ओरडायचं, "बाहेर!" एक जरी आवाज कमी आला तरी मशीन सुरू नाही. पोरं चेष्टा करायची, साहेब वेळ जातो म्हणून कुरकुरायचे. एकतीस वर्षं त्याने ती पद्धत सोडली नाही. त्याच्या पाळीवर पुन्हा कुणाचं नखसुद्धा गेलं नाही.

आता भिंतीपलीकडे पिंप फिरायला लागतं आणि कुणीच "बाहेर" म्हणालेलं नसतं. तो काय करणार? मिळेल तो हात ओढून काढणार. शिक्षिकाबाई विणत होत्या ना, दोन्ही हात पुढे घेऊन?

हे सगळं डॉक्टरांसमोर ठेव. अकरा नोंदींचा कागदही ठेव. आणि तुला न विचारता ज्यांनी हे केलं, त्यांना आता तरी विचार.

आत्या


६ मार्च

आत्या,

दोनदा तू ते लिहिलंस आणि दोनदा मी ते गिळलं. मला विचारलं होतं. सही माझी आहे.

शिक्षिकाबाईंचं मनगट सुजलं, त्या दिवशी मुख्य सिस्टरांनी कागद पुढे केला. म्हणाल्या, औषध सुरू करू, नाहीतर त्यांना घरी घेऊन जा. मी वाचलासुद्धा नाही. आठवड्यातून तीनदा दुकानात फोन यायचा आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोरचं भिंग खाली ठेवून मी फोनकडे धावायचे. मी सही केली आणि वर विचारलं, "जरा जास्त दिली तर लवकर शांत होतील का?" हे वाक्य मी बोलले, आत्या. आणि ते शांत झाल्यावर मी कित्येक दिवसांनी गाढ झोपले. तुला "डॉक्टरांनी सुरू केली" असं लिहिलं, कारण तू मला काय म्हणशील याची भीती होती. लाज वाटते.

आता बाकीचं. मुलाची माफी मागितली. त्याने आईची गोळी बंद करवली नव्हती, जीव भांड्यात पडला. बाई तरुणपणापासून आजारी, गोळीमुळेच सावरलेल्या. "ती नसती तर मी फळ्याशी बोलत बसले असते, मुलांशी नाही," असं त्यांनी स्वतः हसत सांगितलं.

डॉक्टरांनी नोंदींचा कागद दोनदा वाचला. तुझं पत्रही मी त्यांना वाचायला दिलं, रागावू नकोस. ते वाचून त्यांनी गोळी सुरू केल्याची तारीख पुन्हा काढून पाहिली. मग म्हणाले, "चार आठवड्यांनी मी पुन्हा बघायला हवं होतं. माणूस शांत दिसला आणि राहून गेलं." सबबी सांगितल्या नाहीत. गोळी हळूहळू उतरवायचं ठरलंय. आधी दुपारची बंद, दोन आठवडे बघायचं, मग सकाळची अर्धी, मग पाव. मशीन एवढ्यात हलवता येणार नाही, शेडमधली ओल गेलेली नाही आणि दुसरीकडे तेवढी वीज नाही. खोलीही रिकामी नाही.

म्हणून मी धुलाईच्या बाईंकडे गेले. हाताने चादरींच्या घड्या चालू, तोंडाने रेडिओशी वाद. सगळं सांगितलं. मला वाटलं हसतील. त्या म्हणाल्या, "एवढंच ना? मी तर उगाचच दिवसभर ओरडत असते, कामाचं ओरडेन."

काल बुधवार. पावणेचारला बाई बाबांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, पदर खोचून. मोठ्याने म्हणाल्या, "हात?" मी, मावशी आणि व्हरांड्यातून शिक्षिकाबाई, तिघी हात वर करून ओरडलो, "बाहेर!" शिक्षिकाबाईंचा आवाज सगळ्यांत खणखणीत. बाबांची मान हलली. त्यांनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं. मोजत होते, आत्या. मग त्यांचे हातही वर आले, खांद्यापर्यंतच, आणि अगदी पुटपुटल्यासारखं, "बाहेर."

बाई गेल्या. पिंप सुरू झालं. बाबांनी हात मांडीवर ठेवले.

मुंगी


१४ मार्च

मुंगे,

तुझं पत्र वाचून मी चहा करायला उठले आणि गॅस पेटवायचाच विसरले.

तुला काय म्हणणार मी? माझ्या वॉर्डात बेचाळीस पलंग आणि दोन नर्स. एक म्हातारी सारखी "माझी म्हैस कुठंय" म्हणून दाराकडे जायची. मी स्वतः डॉक्टरांच्या मागे लागून तिला तसलं औषध लिहून घेतलं. म्हैस विचारणं थांबलं. पंधरा दिवसांनी ती पडली, खुबा मोडला, आणि पुन्हा उठली नाही. तिच्या गावात कुणाला तरी विचारायला हवं होतं, की त्या म्हशीचं काय झालं. मी विचारलं नाही. त्या केंद्रावर मी एवढं तोंड टाकत होते, ते का, हे आता तुझ्या लक्षात आलं असेल.

तू निदान वार मोजलेस. पुढे काय झालं ते लिही. उतरवताना नीट बघ, घाई नको.

आत्या


२ एप्रिल

आत्या,

दुपारची गोळी बंद होऊन चार आठवडे झाले. सकाळची अर्धीवर आहे. पाऊल उचलून चालतात. चमचा धरतात. परवा मावशींना म्हणाले, "हा चहा आहे की भांडी विसळलेलं पाणी?" मावशींनी आनंदाने ते नोंदवहीत लिहिलं.

पण सगळं गोडगोड समजू नकोस. शुक्रवारी धुलाईच्या बाई रजेवर होत्या. बदलीवर आलेल्याने काही न विचारता मशीन सुरू केलं. बाबांनी मावशींचा हात असा ओढला की काकण फुटून मनगटात घुसलं. मुख्य सिस्टर म्हणाल्या, गोळी पुन्हा पूर्ववत करा. माझी पाचावर धारण बसली. डॉक्टरांनी आधी विचारलं, "त्याआधी काय झालं?" तुझाच प्रश्न, तुझ्याच शब्दांत. आता मशीनच्या बटणावर मोठ्या अक्षरांत सूचना चिकटवलीय आणि ज्याची पाळी असेल त्याच्याकडून सिस्टर ती वाचून घेतात. मावशी मनगटाला पट्टी बांधून म्हणतात, "त्यांनी माझा हात वाचवला, असंच मी धरून चालते."

आणि जागे झालेले बाबा जड जातात, हे तुला सांगितलंच पाहिजे. चिडतात. माझी आई कुठे आहे विचारतात. पहिल्यांदा खरं सांगितलं, की ती गेली, तर इतके रडले की मीच कोलमडले. आता आईबद्दल विचारलं की मी त्यांनाच आईबद्दल विचारते, आणि ते सांगत बसतात. कधी पुरतं, कधी नाही. खरं सांगू? एका संध्याकाळी घरी येताना माझ्या मनात आलं, की डिसेंबरात सोपं होतं.

कागदावरची सही मात्र अजून मनातून जात नाही. त्यांना सांगू का? त्यांना किती कळेल? आणि कळलं तर?

मुंगी


१० एप्रिल

मुंगे,

दादाबद्दलचं दादाला विचार. मला काय विचारतेस?

आत्या


२७ एप्रिल, रविवार

आत्या,

तुझी एक ओळ दोन आठवडे पर्समध्ये घेऊन फिरले. काल शनिवारी दुकान लवकर बंद झालं आणि गेले.

बाबा खुर्चीत होते, केस विंचरलेले. गोळी आता पावावर आलीय, पुढच्या आठवड्यात बंद होईल. मी समोर बसले आणि सरळ सांगितलं. म्हटलं, बाबा, तुम्हाला इथे मी आणलं. आणि नोव्हेंबरात तुम्ही ओरडायचात, तेव्हा तुम्हाला गप्प करायच्या औषधावर सही मीच केली. त्या औषधाने तुम्ही तीन महिने बोललाच नाहीत.

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, झालं, हरवलं सगळं वाटेत. मी पाण्याचा पेला पुढे करणार, तेवढ्यात म्हणाले, "मला विचारायचं होतंस."

मी म्हटलं, "तुम्हाला सांगता आलं असतं का?"

"नसतं आलं कदाचित," म्हणाले. "तरी विचारायचं."

मला रडू आवरेना. त्यांनी समजूत वगैरे काही काढली नाही. रागावलेले होते. खिडकीबाहेर बघत बसले आणि मी नाक पुसत बसले. आत्या, मला त्यांचा राग किती हवासा वाटला म्हणून सांगू! कुणी आहे आत, असं वाटलं.

निघायची वेळ झाली. दर रविवारी मी जातेच, ते काही विचारायचं नसतं. डबा भरते, जाते, बसते, येते. काल पर्स उचलली आणि मनात आलं तसं विचारलं, "बाबा, उद्या येऊ का?"

त्यांनी वेळ घेतला. पूर्वी असा वेळ घेतला की मी समजायचे, विसरले, आणि त्यांच्या वतीने उत्तर देऊन मोकळी व्हायचे. काल मी पर्स हातात धरून तशीच उभी राहिले. मावशी येऊन डोकावून गेल्या. बराच वेळ गेला.

मग म्हणाले, "नको. सोमवारी ये."

पाच महिन्यांत त्यांनी कशालाच नको म्हटलं नव्हतं. मी "बरं" म्हणाले आणि निघाले.

आज गेले नाही.

मुंगी